लूत : करुणेला हवी ज्ञानाची जोड

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत खडकवासला येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



रविवारच्या सायंकाळी खडकवासला धरणाच्या चौपाटीवर जो कोणी गेला असेल, त्याला तेथील दृश्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. निखाऱ्यावर भाजली जाणारी कणसे, कांदाभजीचे घाणे, पाण्यावरून येणारा गार वारा, सिंहगडाहून परतणाऱ्या वाहनांची दाटी आणि या सर्वांच्या पायांत घोटाळणारी कुत्री. त्यांतले एखादे कुत्रे मात्र इतरांसारखे शेपूट हलवीत जवळ येत नाही. ते कठड्याच्या कडेला बसून मागच्या पायाने एकसारखा कान खाजवीत असते. त्याच्या अंगावरचे केस गेलेले असतात, कातडी जाड व सुरकुतलेली झालेली असते, कोपरांवर खपल्या धरलेल्या असतात. कोणी त्याला ‘लूतभरले’ म्हणून हाकलतो आणि मुलांना मागे ओढतो. कोणी कळवळून बिस्किटाचा पुडा फोडतो आणि लांबूनच पुढे टाकतो. पहिल्याच्या मनात किळस आहे, दुसऱ्याच्या मनात करुणा आहे. परंतु दोघेही निघून गेल्यावर त्या मुक्या जीवाची खाज होती तेवढीच राहते.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कुत्र्या-मांजरांच्या कातडीच्या रोगावर व्याख्यान, हे ऐकून काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. तथापि जीवदया हा शब्द ज्या समाजाच्या नित्याच्या बोलण्यात आहे, त्या समाजाने आपल्या दारातल्या जीवाला नेमके काय झाले आहे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. लूत हा बरा होणारा रोग आहे. तरीही अनेक कुत्री त्याने खंगून मरतात, आणि काही तर माणसाने केलेल्या चुकीच्या उपायांनी दगावतात. म्हणून करुणेच्या हातात ज्ञानाचा दिवा देणे, एवढाच या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम रोगाचे कारण पाहू. खरूज म्हणजे रक्त बिघडल्याचे लक्षण, अशी समजूत जगभर शतकानुशतके होती. इ. स. १६८७ मध्ये इटलीतील ज्योव्हान्नी बोनोमो आणि दियाचिंतो चेस्तोनी यांनी माणसाच्या खरजेच्या फोडातून काढलेला एक अतिसूक्ष्म जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि खाजेचे कारण तोच आहे, असे प्रतिपादन केले. एखाद्या रोगाचे कारण म्हणून सूक्ष्म जीवाकडे बोट दाखविण्याचे ते अगदी आरंभीचे उदाहरण मानले जाते. आपल्याकडे मात्र ‘अंगात उष्णता वाढली’, ‘खरकटे खाल्ले म्हणून केस गेले’ अशी कारणे आजही सांगितली जातात. वस्तुतः लूत हा कोळी आणि गोचीड यांच्या वर्गातील आठ पायांच्या जीवामुळे होणारा रोग आहे. इंग्रजीत त्यास ‘माइट’ म्हणतात. त्याची लांबी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते, त्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

कुत्र्यांमध्ये लुतीचे दोन मुख्य प्रकार आहेत. बाहेरून दोन्ही सारखे दिसले तरी त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. हा भेद ज्याला कळला, त्याला निम्मा विषय कळला असे समजावे.

पहिला प्रकार सारकोप्टिस नावाच्या किड्यामुळे होतो. त्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते आणि त्यात अंडी घालते. तीन ते पाच दिवसांत अंडी फुटतात आणि सुमारे तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. या प्रकारात खाज असह्य असते. कुत्रे अन्न सोडून खाजवते, रात्री झोपत नाही. कानांच्या कडा, कोपरे, मागच्या पायांचे घोटे आणि पोट येथे रोगाचा आरंभ होतो. कानाची कड बोटांत धरून चोळली असता कुत्र्याचा मागचा पाय खाजविण्यासाठी आपोआप हलू लागतो, ही पशुवैद्यांची एक जुनी परीक्षा आहे. हा प्रकार अतिशय सांसर्गिक आहे. अंगाला अंग लागले, एकाच पोत्यावर दोघे झोपले, की तो पसरतो. कुत्र्याच्या अंगावरून खाली पडलेला किडा आपल्याकडील उष्ण व कोरड्या हवेत थोडेच दिवस तग धरतो. परंतु थंड आणि ओलसर जागेत तो अधिक काळ जगतो. पावसाळ्यात टपरीच्या फळीखाली पाच-सहा कुत्री एकमेकांना चिकटून झोपतात, तेव्हा एकाची लूत सर्वांची होण्यास उशीर लागत नाही.

दुसरा प्रकार डेमोडेक्सचा. हा किडा केसांच्या मुळाशी राहतो. विशेष म्हणजे निरोगी कुत्र्याच्या अंगावरही तो थोड्या संख्येने असतो. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत पिल्लू आईला चिकटून दूध पिते, त्या वेळी तो आईकडून त्याच्याकडे येतो. शरीराची प्रतिकारशक्ती शाबूत असेल तोवर त्याचा काही उपद्रव होत नाही. कुपोषण, पोटातील जंत, अन्य आजार किंवा उपजत दुर्बलता यांमुळे ती शक्ती ढासळली, की त्याची संख्या बेसुमार वाढते. मग डोळ्यांभोवती, तोंडाजवळ आणि पुढच्या पायांवर केस गेलेले चट्टे दिसू लागतात. आरंभी खाज फारशी नसते. जखमा चिघळल्यानंतर ती वाढते. हा प्रकार एका मोठ्या कुत्र्याकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. लहान पिल्लाच्या अंगावर एक-दोन चट्टे असतील तर ते बहुधा चांगल्या आहाराने आपोआप भरून येतात. परंतु रोग सर्वांगावर पसरला तर महिनोन्महिने चिकाटीने उपचार करावे लागतात. आणि प्रौढ कुत्र्याला तो एकाएकी झाला, तर शरीरात दुसरा कोणता आजार दडला आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

मांजरांची लूत थोडी निराळी असते. नोटोएड्रिस नावाचा किडा कानांच्या कडेपासून सुरू होऊन चेहरा, डोके आणि मान येथे जाड, करडे खपले धरवितो. तोही अतिशय सांसर्गिक आहे. त्याखेरीज ओटोडेक्टिस नावाचा किडा कानाच्या पोकळीत राहतो. मांजर सारखे डोके झटकत असेल आणि कानातून कॉफीच्या चोथ्यासारखा काळसर मळ निघत असेल, तर त्याचा संशय घ्यावा.

मग ओळख कशी पटवायची? पशुवैद्य बोथट पात्याने कातडीचा थोडा थर खरवडून घेतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. डेमोडेक्स बहुधा या तपासणीत सापडतो. सारकोप्टिस मात्र पुष्कळदा हुलकावणी देतो. म्हणून तपासणीत किडा दिसला नाही तरी लक्षणांवरून अनुभवी पशुवैद्य उपचार सुरू करतात. शिवाय केस गेलेले प्रत्येक कुत्रे लुतीचेच असते असे नाही. गजकर्ण, पिसवांची ॲलर्जी, जिवाणूंचा संसर्ग यांतही अंगावरचे केस जातात आणि त्यांची औषधे वेगळी आहेत. रोग्याची परीक्षा न करता दिलेले औषध म्हणजे माप न घेता फाडलेले कापड होय. ते एकदा फाडले की पुन्हा जोडता येत नाही.

आता ज्या उपायांनी अपाय होतो, त्यांचा विचार करू. वाहनाचे जळके ऑईल लुतीच्या कुत्र्यावर ओतण्याची पद्धत ग्रामीण आणि शहरी दोन्ही भागांत प्रचलित आहे. हे करणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु ते तेल कातडी भाजते, त्यातील विषारी द्रव्ये कातडीतून शरीरात शिरतात, आणि कुत्रे अंग चाटते तेव्हा ती पोटातही जातात. रॉकेल आणि फिनेल यांचेही तसेच. मांजराचे यकृत फिनेलमधील घटकांचा निचरा करू शकत नाही, त्यामुळे मांजराला फिनेल हे विषच ठरते. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे परमेथ्रिनयुक्त औषधही मांजराच्या जिवावर बेतते. घरातील माणसांच्या खाजेचे मलम लावण्याचा मोह अनेकांना होतो. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉईड असते. ते प्रतिकारशक्ती दाबते आणि डेमोडेक्सची लूत अधिकच भडकते.

औषधांच्या बाबतीत गेल्या काही दशकांत पशुवैद्यकाने मोठी मजल मारली आहे. जपानचे सातोशी ओमुरा यांनी मातीच्या नमुन्यातून एक जिवाणू वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यावर संशोधन केले, आणि त्यातून आयव्हरमेक्टिन हे औषध निर्माण झाले. १९८१ पासून ते जनावरांसाठी उपलब्ध झाले आणि २०१५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिकाचा बहुमान लाभला. या औषधाने असंख्य जनावरांची लूत बरी झाली. तथापि त्याची मात्रा काटेकोर वजनावर ठरते. कॉली व तिच्या जवळच्या मेंढपाळ जातींच्या काही कुत्र्यांत एक जनुकीय दोष असतो. त्यांच्या मेंदूत हे औषध शिरते आणि ती लडखडतात, बेशुद्ध होतात, प्रसंगी मरतात. रस्त्यावरच्या संमिश्र कुत्र्याची वंशावळ कोणास ठाऊक असते? म्हणून गाई-म्हशींसाठी आणलेली बाटली अंदाजाने कुत्र्याला टोचणे हे धाडस कोणीही करू नये.

गेल्या दहा-बारा वर्षांत फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर, सारोलेनर या गटातील चघळावयाच्या गोळ्या उपलब्ध झाल्या असून त्या भारतातही मिळतात. पहिलीचा परिणाम सुमारे बारा आठवडे, तर उरलेल्या दोहोंचा महिनाभर टिकतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या दृष्टीने हे वरदानच आहे. पूर्वी दर आठवड्याला कुत्रे पकडून इंजेक्शन द्यावे लागे. दुसऱ्या आठवड्यात ते हाती लागत नसे आणि उपचार अर्धवट राही. आता पशुवैद्याने वजनानुसार ठरवून दिलेली गोळी खाद्यातून देता येते. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले असतील, त्याच्याबाबत मात्र पशुवैद्याला आधी सांगावे. मांजरांसाठी मानेवर थेंब टाकण्याची सेलामेक्टिनसारखी औषधे आहेत. औषध कोणतेही असो, एक गोष्ट सारखीच आहे : केस उगवू लागले म्हणून उपचार थांबवू नये. अनेक औषधे अंड्यांवर चालत नाहीत, म्हणून ठरलेल्या अंतराने पुन्हा मात्रा द्यावीच लागते. सर्वांगावर पसरलेल्या डेमोडेक्सच्या बाबतीत तर महिन्याच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्या निर्दोष येईपर्यंत उपचार चालू ठेवण्याचा नियम आहे.

कापडाच्या व्यवसायातील मंडळींना एक अनुभव परिचित असेल. एका ताग्याला कसर लागली, तर तेवढाच तागा झटकून भागत नाही. संपूर्ण फडताळ रिकामे करून साफ करावे लागते. सारकोप्टिसच्या लुतीलाही हाच न्याय लागू पडतो. एकत्र राहणाऱ्या सहा कुत्र्यांपैकी ज्याचे केस गेले तेवढ्यालाच औषध दिले, तर महिन्याभरात तेच कुत्रे पुन्हा खाजवू लागते. सहाही कुत्र्यांना एकाच वेळी उपचार द्यावा, त्यांच्या बसण्याची पोती जाळावी किंवा उकळत्या पाण्यात धुवावी, हाच मार्ग आहे.

माणसाला या रोगाची कितपत भीती आहे, हा प्रश्न प्रत्येक मातेच्या मनात येतो. कुत्र्याचा सारकोप्टिस माणसाच्या कातडीवर आला तर हातांवर, पोटावर खाजरे पुरळ उठू शकते. परंतु तो माणसाच्या अंगावर आपली पिढी वाढवू शकत नाही. कुत्र्यावर उपचार झाले की हा त्रास बहुधा आपोआप शमतो. माणसांत घरोघरी पसरणारी खरूज त्याच किड्याच्या निराळ्या प्रकाराने होते, तिच्यासाठी वेगळे वैद्यकीय उपचार घ्यावे लागतात. डेमोडेक्सचा तर माणसाला धोका नाही. खरी काळजी घ्यावयाची ती चाव्याची. वेदनेने त्रासलेले कुत्रे स्पर्श केल्यास चावू शकते. ओरखडा उठला किंवा दात लागला, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्वरित रेबीजची लस घ्यावी. नित्य अशी सेवा करणाऱ्यांनी ही लस आधीच घेऊन ठेवणे श्रेयस्कर.

येथे एक प्रश्न टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. लुतीचा किडा हाही त्रस जीवच आहे. मग पंचेंद्रिय कुत्र्याला वाचविण्यासाठी हजारो सूक्ष्म जीवांचा नाश करणारे औषध देणे, ही हिंसा नव्हे काय? श्रद्धावान घरांतून हा प्रश्न विचारला जातो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्रावकाचाराच्या विवेचनात संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद सांगितले आहेत. त्यांपैकी मारण्याच्याच इराद्याने केलेल्या संकल्पी हिंसेचा त्याग गृहस्थाने करावयाचा असतो. औषध देणाऱ्याचा भाव वेदना दूर करण्याचा असतो. तरीही हिंसा घडतच नाही असे म्हणून मन समजावणे योग्य नव्हे. तिचे प्रमाण कमीत कमी कसे राहील, हे पाहणे म्हणजेच जयणा. आणि या दृष्टीने हिशेब मांडला तर उत्तर स्पष्ट मिळते. कानाच्या कडेवर पहिली खपली दिसताच उपचार केला, तर थोडे जीव जातात. दुर्लक्ष केले तर किड्यांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढतात, रोग दहा कुत्र्यांना लागतो, आणि शेवटी कुत्रे मेले की त्याच्या अंगावरचे किडेही त्याच्याबरोबर मरतातच. उशिराने दोन्ही बाजूंचे जीव अधिक जातात. म्हणून प्रतिबंध आणि वेळीच उपचार हीच अधिक अहिंसक वाट होय.

या वाटेवर आपले पूर्वज आधी चालून गेले आहेत. १८३२ मध्ये मुंबईत कंपनी सरकारच्या बेवारशी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी, जैन व हिंदू समाज उभा राहिला; दुकाने बंद झाली, दंगल उसळली. त्यानंतर १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. तेथे जीवांना आसरा मिळाला. पुढे परळ येथे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून बाई साकरबाई पशुरुग्णालय उभे राहिले आणि १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आसऱ्याच्या पुढची पायरी उपचाराची, आणि उपचाराच्या पुढची पायरी अध्ययनाची, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कारण नुसता आसरा लुतीच्या बाबतीत घातकही ठरू शकतो. दाटीवाटीच्या निवाऱ्यात तपासणीविना आणलेले एक रोगी कुत्रे सर्वांना रोगी करते. नव्या जीवाला तीन-चार आठवडे वेगळे ठेवणे, हा निवाऱ्याचा पहिला नियम असावा.

शेवटी पुन्हा खडकवासल्याकडे वळू. २०२१ मध्ये हे गाव पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ अन्वये भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून घेण्याचे उत्तरदायित्व स्थानिक स्वराज्य संस्थेवर आहे. वारंवारची गर्भधारणा आणि दूध पाजणे यांनी कुत्री क्षीण होते व क्षीण शरीरातच लूत बळावते. म्हणून निर्बीजीकरण हाही एक प्रकारे लुतीवरचा उपचारच आहे. त्यासाठी पालिकेकडे रीतसर मागणी करणे हे नागरिकांचे काम आहे. निदानाच्या सोयीही पुण्यात आहेत. औंध येथे राज्याच्या पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

संस्थेला करता येण्याजोगे कार्य साधे आहे. चौपाटीवरील टपऱ्यांच्या आसपास राहणाऱ्या कुत्र्यांची एक वही करावी. दुकानात उधारीची खतावणी ठेवतात, तसे प्रत्येक कुत्र्याचे एक पान : रंग, खूण, अंदाजे वजन, पशुवैद्याने सांगितलेले औषध, दिल्याची तारीख आणि पुढची तारीख. उधारीची तारीख चुकली तर पैसे बुडतात. येथे तारीख चुकली तर जीव बुडतो. टपरीवाल्यांना यात सामील करून घ्यावे, कारण कुत्र्यांना रोज पाहणारे तेच आहेत. बिस्किटांऐवजी पौष्टिक अन्न व जंतांचे औषध द्यावे. एक दक्षता या गावात विशेषच घ्यावी : अंगाला लावावयाच्या औषधी द्रावणाने कुत्र्यांना जलाशयाच्या काठी कदापि धुऊ नये. अशी अनेक द्रावणे माशांना मारक असतात, आणि या धरणाचे पाणी पुणेकर पितात. एका जीवाची सेवा करताना पाण्यातल्या दुसऱ्या जीवांचा घात होता कामा नये.

योग्य औषधानंतर काही आठवड्यांत खाज थांबते. कुत्रे प्रथम झोपू लागते. पुष्कळ दिवसांनी त्याला रात्रभर झोप लागते. मग कातडी मऊ पडते, मऊ लव उगवते, आणि दोन-तीन महिन्यांत तेच कुत्रे इतरांच्या घोळक्यात ओळखूही येत नाही. ज्याला पाहून लोक मुलांना मागे ओढीत होते, ते शेपूट हलवीत जवळ येते. पन्नास वर्षे जीवदयेचे व्रत सांभाळणाऱ्या संस्थेला सुवर्णमहोत्सवी वर्षात एवढे एक दृश्य खडकवासल्याच्या कठड्यावर पाहावयास मिळावे, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र.